‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे आजारी माणसाला कुणी सांगावं?

बावखल
नमस्कार. मी वसईची. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आमच्या आळीत एक मावशी राहतात, साठीच्या. पंधरा वर्षांचा मधुमेह, त्यातली शेवटची तीन इन्सुलिनवर. पुढच्या महिन्यात प्रार्थनेने रोगमुक्तीचं पाच दिवसांचं ख्रिस्ती शिबिर आहे, त्यात त्यांनी नाव दिलंय. परवा ओट्यावर बसल्या असताना मला म्हणाल्या, "या वेळी सुई सोडूनच परत येते बघ." मला काही बोलता आलं नाही. रात्रभर डोळा लागला नाही.

कारण माझी आई अशीच शिबिराला गेली होती. सहा वर्षांपूर्वी, तसाच मांडव. आईला साखर होती, गुडघेही धरले होते. तिसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर तिच्या हातात माईक दिला. "माझा गुडघा दुखायचा थांबला," अशी तिने साक्ष दिली. ती खोटी नव्हती. मी समोरच होते, स्टेजच्या पायऱ्या ती कुणाचाही हात न धरता उतरली. मग स्टेजवरून सांगण्यात आलं की आता भरवसा औषधावर नको, देवावर ठेवा.

आईने इन्सुलिन सोडलं. आम्हाला पत्ता लागला नाही, कारण रोज सकाळी ती एक सिरिंज कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायची. कोरी. अडीच महिन्यांनी चपलेचा पट्टा घासून अंगठ्याला फोड आला. तिला तो दुखलाच नाही. मी पाहिला तेव्हा अंगठा काळा पडला होता. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ती दवाखान्यात असताना मी फ्रिज साफ केला, तर सुकेळ्यांच्या डब्यामागे सहा कुप्या निघाल्या. एकीचंही झाकण उडवलेलं नव्हतं.

शिबिराची माणसं नंतर घरी भेटायला आली. प्रार्थना केली, रडलीही, ते नाकारत नाही. निघताना त्यांच्यातल्या एकाने आईचा हात हातात घेऊन हळूच म्हटलं, "बाई, कुठेतरी विश्वास कमी पडला."

पाय गेल्याचं आईने कधी बोलून दाखवलं नाही. पण त्या दिवसापासून ती देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) शेवटच्या बाकावर, दाराशी बसायला लागली. कुबड्या ठेवायला जागा लागते म्हणायची. जागा पुढेही होती.

मी स्वतः चमत्कार मानते. देव बरं करतो हे मानते. म्हणूनच विचारतेय, शक्ती जर देवाची, तर न बरं होण्याचा दोष आजाऱ्याचा कसा? आणि मावशींना मी काय सांगू?

विंचूकाटा
मी डॉक्टर आहे, रायगड जिल्ह्यात काम करतो. ताई, दोन गोष्टी वैद्यकीय.

गुडघा दुखायचा थांबला हे खरं असू शकतं. हजारो माणसं, गाणी, रडणं, डोक्यावर हात, अशा वेळी शरीर स्वतःच वेदना दाबणारी द्रव्यं सोडतं. काही तास, कधी काही दिवसही दुखणं जाणवत नाही. पण साखर दुखत नाही. ती वाढली तरी कळत नाही, आणि बरीच वर्षं वाढलेली असली की पायाच्या नसा मरतात, मग फोडही कळत नाही. त्यामुळे ‘मला बरं वाटतंय’ ही साक्ष गुडघ्याबाबत प्रामाणिक असली तरी साखरेबाबत ती पुरावाच होत नाही. त्यासाठी बोटाला टोचून थेंबभर रक्त बघावं लागतं.

दुसरं, आमच्या भागातलं. लाल विंचू चावून कोकणात माणसं पटापट जायची, लहान मुलं जास्त. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी त्यासाठी वापरून पाहिली आणि शंभरात चाळीसच्या घरात असलेलं मरण एकाच्या आसपास आलं. त्याआधी लोक मांत्रिकाकडे जात, कारण दवाखान्यातही फारसं काही हाती नव्हतं. गोळी आली तरी वाट वाकडी करून आधी मांत्रिकाकडे जाणारे होतेच, आणि त्या वाकड्या वाटेवर मुलं गेली. 2013 च्या आपल्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारांपासून अडवणं गुन्हा ठरवलंय ते याचसाठी. मधुमेह बरा करतो अशा औषधांच्या आणि मंत्र-ताइतांच्या जाहिरातींना तर 1954 पासून बंदी आहे. पण मावशींपुढे कायदा नेऊ नका. त्याने माणूस फक्त गप्प होतो आणि कुप्या डब्यामागे जातात.

झावळी
ताई, तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. तरीही लिहितोय, कारण मी दुसऱ्या बाजूचा आहे.

मी अलिबागकडचा. अकरा वर्षं दारू प्यायलो. बायको माहेरी गेली, होडीतला हिस्सा विकला. 2014 साली मोठ्या भावाने एका शिबिरात जवळजवळ ओढत नेलं. चौथ्या दिवशी रात्री मी जमिनीवर पडून रडलो, त्यानंतर आजपर्यंत थेंब घेतलेला नाही. डॉक्टर याला काय म्हणतील ते म्हणोत, मला माहीत आहे कुणी उचललं. आज मी त्याच शिबिरात सेवा देतो, साक्ष द्यायला येणाऱ्यांची नावं लिहून घेतो.

म्हणून विनंती, एका माणसाच्या बोलण्यावरून सगळा मांडव मोडू नका. आमच्यातले बहुतेक जण गोळ्या बंद करा असं सांगत नाहीत.

बावखल
झावळीदादा, तुमची साक्ष मी मनापासून मानते. मांडव मोडायचा असता तर मावशींना जाऊ नका एवढंच म्हटलं असतं आणि धागा काढला नसता.

पण ‘बहुतेक जण सांगत नाहीत’ एवढ्यावर माझं मन थांबत नाही. आईला ते वाक्य बोलणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याला काहीतरी सांगणं भाग होतं. देव बरं करतो, प्रार्थना झाली, बाई बरी झाली नाही, मग या हिशेबात चूक कुणाची? देवाची म्हणवत नाही, स्वतःची म्हणवत नाही. उरली ती बाई, पाय नसलेली.

तळकोकण
आम्ही हिंदू, गाव वेंगुर्ल्याकडे. धागा तुमच्या धर्मातला आहे, पण हे घराघरातलं आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात, कौल लावतात, नवस बोलतात. नवस फळला नाही की ‘फेडताना काहीतरी चुकलं असेल’ हे वाक्य ठरलेलं. तुमच्या आईला जे ऐकावं लागलं त्याचंच हे भावंड.

माझ्या पणजीला अडलेल्या बाळंतपणात वेंगुर्ल्याच्या मिशनच्या दवाखान्यात नेलं होतं, सेंट ल्यूक्समध्ये. अमेरिकन मिशनऱ्यांनी उभारलेला दवाखाना. घरात विरोध, सोवळ्याओवळ्याचा घोळ. पणजीची सासू म्हणाली, "देवान डॉक्टर धाडल्यान तो उगाच काय? उचला तिका." ती गाऱ्हाणं घालूनच डोलीमागून चालत गेली म्हणतात. दोन्ही केलं तिने, आणि दोहोंत तिला काही विसंगत वाटलं नाही.

विंचूकाटा
तळकोकण, त्या दवाखान्याचं नाव ज्या लूकवरून आहे तो बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी (शुभवर्तमानांपैकी) एक लिहिणारा, आणि तो स्वतः वैद्य होता. बायबलातल्याच, धर्मप्रसारक पौलाच्या एका पत्रात त्याचा ‘प्रिय वैद्य’ असाच उल्लेख आहे. मी ख्रिस्ती नाही, पण मिशनच्या शाळेत शिकलोय. बारा वर्षं रक्तस्राव होणाऱ्या बाईची गोष्ट मार्क, दुसरा शुभवर्तमानकार, सांगतो तेव्हा म्हणतो, वैद्यांपायी तिचे हाल झाले, होतं नव्हतं ते गेलं आणि दुखणं उलट वाढलं. लूकच्या शुभवर्तमानात ती बाई आहे, वैद्यांना बरी करता आली नाही हेही आहे, पण ‘उलट वाढलं’ हे नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाची लेखणी तिथे जरा अडखळलेली दिसते. मला तो आपला वाटतो.

बाराखडी
मी नास्तिक, पण प्रश्न प्रामाणिक आहे. बावखल म्हणतात की दोष आजाऱ्याचा नाही. पण त्याच बाईला येशू म्हणतो, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं. आणि नासरेथ गावात, लोकांचा विश्वास नव्हता म्हणून, त्याला थोड्या आजाऱ्यांपलीकडे काही करता आलं नाही असं तुमच्या ग्रंथातच आहे, मार्क सहावा अध्याय. मग शिबिरातला तो माणूस ग्रंथाप्रमाणेच बोलला ना? त्याला चूक म्हणायचं तर ग्रंथालाही म्हणावं लागेल.

बावखल
बाराखडी, तुम्ही नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंत. आई गेल्यावर दीड वर्ष मी याच प्रश्नावर अडकले होते. रोज रात्री मार्क उघडायचा आणि बरे झालेले एकेक लोक बघायचे, एवढंच करत होते. जे सापडलं ते सांगते. मी धर्मपंडित नाही.

नासरेथची गोष्ट गावाची आहे. ‘हा तर आपला सुतार, याची माणसं आपल्यातच राहतात’ म्हणून गावाने त्याला झिडकारलं. तरीही जे थोडे आजारी पुढे आले त्यांच्यावर त्याने हात ठेवलेच. एकाही आजाऱ्याला तू बरा झाला नाहीस कारण तुझा विश्वास कमी, असं तो तिथे म्हणत नाही. चारही शुभवर्तमानांत त्याच्यापुढे आलेल्या आजाऱ्याला तो असं बोललेला मला तरी सापडला नाही.

आणि विश्वास नसलेले किती बरे झाले बघा. बेथेस्दाच्या तळ्याकाठचा अडतीस वर्षांचा आजारी, त्याला आपल्याला बरं करणारा कोण हे ठाऊकसुद्धा नव्हतं. पक्षाघाताच्या माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडला, तिथे येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असं लिहिलंय, खाटेवरच्याच्या विश्वासाबद्दल वेगळं काही नाही. मल्ख तर त्याला पकडायला आलेल्यांतला, त्याचा तुटलेला कान बरा केला. नाइन गावातला विधवेचा मुलगा तिरडीवर होता, त्याने कसला विश्वास ठेवावा?

पण मला उत्तर मिळालं ते मार्कच्या नवव्या अध्यायात. एक बाप मुलाला घेऊन येतो. मुलाला झटके येतात, तोंडाला फेस येतो, कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. येशू डोंगरावर असतो, म्हणून बाप त्याला शिष्यांकडे नेतो आणि शिष्यांना जमत नाही. म्हणजे ही फसलेल्या प्रार्थनेची गोष्ट आहे, आईच्या मांडवातली. मग येशू येतो. ‘माझा विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासाचं काहीतरी करा,’ असं बाप रडत म्हणतो. त्याच्याकडे अर्धाच विश्वास आहे आणि ते तो लपवत नाही. तेवढ्यावर मुलगा बरा होतो. नंतर घरात गेल्यावर शिष्य विचारतात, आम्हाला का नाही जमलं? तेव्हा येशू त्यांना सांगतो, हे प्रार्थनेशिवाय होत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर थेटच म्हणतो, तुमचा विश्वास कमी आहे.

‘तुमचा’ म्हणजे बरं करायला निघालेल्यांचा. मुलाचा नाही, बापाचा नाही. जे वाक्य स्टेजवरच्या माणसांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणायचं, ते त्यांनी माझ्या आईच्या उशाशी ठेवलं.

बाराखडी
हे मी असं वाचलं नव्हतं. माझं मूळ मत तेच आहे, पण त्या माणसाचं बोलणं ग्रंथाला धरून होतं हे माझं म्हणणं मागे घेतो.

सांजघंटा
मी सेमिनरीत (पाद्री व्हायचं शिक्षण देतात तिथे) चार वर्षं होतो, नंतर संसारात पडलो. आमच्या कॅथलिक चर्चचं म्हणणं काय ते थोडं सांगतो, कारण शिबिरातल्या बऱ्याच भाविकांपर्यंत ते पोचतच नाही.

कितीही कळकळीची प्रार्थना केली तरी प्रत्येक आजार बरा होतोच असं नाही, हे चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट लिहिलंय, आणि तिथे पौलाचाच दाखला आहे. त्याच्या शरीरात ‘काटा’ होता, तो काढ म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते. काटा निघाल्याचं तो कुठेही सांगत नाही. हाच पौल दुसऱ्यांना बरं करणारा, पण सोबती त्रफिमाला मिलेत गावी आजारी सोडून पुढे गेला, आणि तीमथ्याच्या पोटदुखीवर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. त्याने या दोघांच्या विश्वासावर बोट ठेवलेलं नाही.

14 सप्टेंबर 2000 ला रोमहून रोगमुक्तीच्या प्रार्थनांबद्दल एक सूचनापत्र निघालं. अशा सभांत उन्माद, देखावा, सनसनाटी असू नये असं त्यात बजावलंय. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री बरं झाल्याचे दावे सात हजारांहून अधिक आले, चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या आसपास. आजार गंभीर होता का, बरं होणं अचानक आणि पुरतं होतं का, टिकलं का, उपचारांनी झालं असेल का, हे सगळं तिथे डॉक्टर तपासतात आणि त्यात वर्षंच्या वर्षं जातात. आपल्या मांडवात त्याच रात्री माईक हातात येतो.

आणि जिच्यामुळे लूर्द झालं त्या बर्नादेत नावाच्या मुलीला 1858 मध्ये मरियेच्या दर्शनात झऱ्याची जागा दाखवली गेली, पण तिला जन्मभर दम्याने सोडलं नाही. हाडाच्या क्षयाने खंगून पस्तिसाव्या वर्षी गेली. गोव्यात ज्याच्या शवदर्शनाला 2024 च्या नोव्हेंबरपासून एवढी रीघ लागली तो फ्रान्सिस झेवियर आयुष्यभर आजाऱ्यांची सेवा करत फिरला आणि 1552 च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्यावरच्या बेटावर, पुढच्या जहाजाची वाट बघत, तापाने गेला. वय सेहेचाळीस. त्यांना कुणी अल्पविश्वासी म्हणेल?

वसईकरांना एक सांगतो. तुमच्या देवळातल्या रमेदी मातेच्या नावात पोर्तुगीज ‘रेमेदियो’ आहे. त्याचा अर्थ इलाज, औषध.

झावळी
दोन दिवस धागा वाचतोय. बायकोलाही वाचून दाखवला.

मार्कचा नववा अध्याय मी शेकडो वेळा ऐकलाय. मांडवात आम्ही बापाच्या रडण्यावर थांबतो. शिष्य घरात जाऊन काय विचारतात, तिथपर्यंत जातच नाही.

बावखलताई, मी नावं लिहून घेतो म्हणालो ना, त्या वहीत एक रकाना आहे, ‘काय बरं झालं’. ‘औषध चालू आहे का’ असा रकाना नाही. या वेळी मी तो आखणार आहे, आणि साखर, रक्तदाब, फिट यांची औषधं चालू असलेल्याला माईकवर पाठवण्याआधी सांगणार आहे की डॉक्टरांनी सांगेपर्यंत काहीही बंद करायचं नाही. वरचे लोक ऐकतील का माहीत नाही. नाही ऐकलं तर वही दुसऱ्याने धरावी.

पण तुमच्याशी एक मतभेद राहतोच. माणसाने सगळं टाकून देवाच्या अंगावर पडावं, असा एक क्षण असतो. माझा होता. तो मोजूनमापून येत नाही. त्या क्षणाला घाबरू नका एवढंच.

बावखल
दादा, त्या क्षणाला मी घाबरत नाही. आईचाही तो क्षण खरा होता असंच मानते. तिने इन्सुलिन सोडलं ते आळसाने नाही, प्रेमाने. म्हणूनच तर ते वाक्य तिला एवढं लागलं.

एक राहिलंय, ते सांगते. जाण्याआधी वर्षभर आईची नजर अधू झाली होती, मी तिला संध्याकाळी वाचून दाखवायचे. एकदा हाच अध्याय निघाला. तेव्हा मला यातलं काही उमगलेलं नव्हतं, मी आपली सरळ वाचत गेले. शिष्य विचारतात तिथे आईने हात वर केला. "परत वाच." परत वाचलं. तिने विचारलं, "म्हणजे तो त्यांना बोलला? पोराच्या बापाला नाही?" मी म्हटलं, हो, त्यांना. ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "दिवा लाव, काळोख पडला."

त्या रविवारी देवळात शिरल्यावर मी सवयीने शेवटच्या बाकाशी थांबले. ती थांबली नाही. कुबड्या टेकत मधल्या वाटेने पुढे गेली, दुसऱ्या रांगेत, जिथे बाबा असताना आमची जागा होती. मी मागून तिची पिशवी घेऊन गेले.

विंचूकाटा
ताई, मावशींचं काय ठरलं?

बावखल
काल गेले होते. वाद घातला नाही. आईच्या सहा कुप्यांची गोष्ट सांगितली, आळीत ती कुणालाच माहीत नव्हती. मावशी रडल्या. मग म्हणाल्या, "मी जाणार मात्र आहे." मी म्हटलं, जा, मीही येते, पण सुई आपल्याबरोबर येईल. बऱ्याच वेळाने हो म्हणाल्या. डॉक्टर, पाच दिवस तिथे फ्रिज नाही, मांडवात उकाडा असतो. इन्सुलिन कसं न्यायचं?

विंचूकाटा
सोपं आहे. वापरात असलेली कुपी ऊन लागू न देता थंड जागी ठेवली की साधारण चार आठवडे चालते, तरी तिच्या कागदावर बघून घ्या. बर्फात थेट ठेवू नका, इन्सुलिन गोठलं की निकामी होतं. मातीचं मडकं घ्या, तळाला पाणी, त्यात वाटी पालथी घालून वर कुपी प्लॅस्टिकच्या डबीत, तोंडाला ओलं फडकं. साखर मोजायचं मशीन न्या, सकाळी उपाशीपोटी आणि रात्री जेवणाआधी बघा. उपास धरायला सांगितलं तर आधी मला विचारा, उपाशीपोटी नेहमीचा डोस दिला तर साखर एकदम खाली जाते. खिशात खडीसाखर असू द्या.

बावखल
मडकं घरात आहे, आईचंच, पाणी प्यायचं. घासून उन्हात ठेवलंय. झावळीदादा, तुमच्या रकान्यात आमच्या मावशींचं नाव पहिलं लिहा.